जुन्या लाकडाची, कूस-खाचेच्या सांगाड्याची कार्यशाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी मापे १२ फूट रुंद, १६ फूट लांब अशा दोन खणांच्या कार्यशाळेची आहेत: तीन चौकटी, प्रत्येकी दोन खांब, चौकटी-चौकटीत ८ फूट अंतर. खांबांवर रुंदीच्या दिशेने आडवी तुळई, तिच्यावर लांबीच्या दिशेने माथ्याची तुळई, वर वासे. खांबांखाली पायावर तळाची तुळई (तळतुळई), खांब-तुळयांच्या कोपऱ्यांत तिरपे टेकू. एका नगाच्या टोकाला काढलेली जीभ, म्हणजे कूस, दुसऱ्या नगाच्या खाचेत बसवून सांगाडा जोडायचा. मापात ‘सूत’ आले की इंचाचा आठवा भाग समजावा.

आधी नकाशा काढायचा की आधी लाकूड जमवायचे?

आधी लाकूड. नव्या लाकडाच्या कामात नकाशा होतो आणि त्याबरहुकूम माल येतो. जुन्या लाकडात हे उलटे चालते. नकाशात १४ फुटांची तुळई आणि हातात सगळ्या ११ फुटांच्या, अशी वेळ आली की लोक तुळईला मधोमध जोड देतात, आणि आडव्या तुळईला मधोमध दिलेला जोड ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे.

म्हणून लाकूड अंगणात आले की प्रत्येक नगाला खडूने क्रमांक द्या आणि वहीत लिहा: लांबी, दोन्ही टोकांना आणि मध्ये रुंदी व उंची, कुठे कुजले आहे, जुन्या खाचा कुठे आहेत, कोणत्या बाजूला वाकले आहे. टोकाचा कुजका, फुटका भाग लांबीत धरू नका, तो जाणारच आहे. खोलीची रुंदी ठरते ती सगळ्यात लांब तीन निरोगी तुळयांवरून. आडवी तुळई दोन्हीकडे खांबाच्या बाहेर ६ इंच हवी, म्हणजे १२ फूट रुंदीला १३ फुटांची. तुळया ११ फुटांच्याच असतील तर कार्यशाळा १० फूट रुंद करा.

माथ्याच्या तुळईला मात्र जोड चालतो, कारण तिला खाली खांबांचा आधार असतो. तिरपा कापलेला जोड तुळईच्या उंचीच्या चौपट लांब ठेवा (६ इंचांच्या तुळईला २४ इंच), तो मधल्या खांबाजवळ घ्या आणि तिरप्या टेकूच्या खाचेवर येणार नाही असे पाहा.

एकूण किती लाकूड लागेल?

- खांब: ६ नग, ६ × ६ इंच, ८ फूट: १२ घनफूट
- आडव्या तुळया: ३ नग, ६ × ८ इंच, १३ फूट: १३ घनफूट
- माथ्याच्या तुळया: २ नग, ६ × ६ इंच, १६ फूट: ८ घनफूट
- तळाच्या तुळया: ६ × ६ इंच, एकूण ५६ फूट: १४ घनफूट
- तिरपे टेकू: १४ नग, ३ × ४ इंच, ४ फूट: सुमारे पावणेपाच घनफूट
- वासे: १८ नग, २ × ६ इंच, ९ फूट: साडेतेरा घनफूट

बेरीज ६५ घनफूट. त्यात तीस टक्के तूट धरून ८५ घनफूट जमवा. तीस टक्के जास्त वाटतात, पण टोके कापण्यात, खिळ्यांनी पोखरलेल्या कडांत आणि ‘हा नग खांबाला घेऊ’ म्हणत शेवटी जळणात गेलेल्या नगांत ते निघून जातात. फळ्या, रिपा आणि जमिनीचे लाकूड यात धरलेले नाही.

एखादी तुळई अजून भार घेण्याजोगी आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

आधी हातोडीने टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, आतून पोकळ किंवा कुजलेले असेल तर आवाज बसका येतो. शंका आलेल्या जागी पटाशीचे टोक लाकडाच्या रेषांना (तंतूंना) आडवे, अर्धा इंच आत घुसवून कपची वर उचला. लांब, चिवट, काड्यांसारखी कपची निघाली तर लाकूड चांगले. बिस्किटासारखी आखूड तुटून जागच्या जागी राहिली तर बुरशीने आतली ताकद खाल्ली आहे, मग वरून लाकूड कितीही गुळगुळीत दिसो. ही परीक्षा भिंतीत गाडलेल्या टोकांवर आणि जुन्या खाचांच्या आत आवर्जून करा. कूज तिथूनच सुरू होते.

चिरांना लोक उगाच घाबरतात. लाकूड वाळताना रेषांच्या दिशेने पडलेल्या चिरा बहुतेक निरुपद्रवी असतात. घाबरायचे ते तीन गोष्टींना. रेषांना आडवी गेलेली बारीक मोड, म्हणजे ती तुळई कधीतरी भाराने मोडली आहे. तिचे आखूड तुकडे करा. टोकाला आरपार गेलेली चीर, म्हणजे तिथे कूस किंवा खाच टिकणार नाही. आणि वाढीच्या वर्तुळाकार कड्यांमधून सुटलेले लाकूड.

गाठ तुळईच्या खालच्या कडेला, मधल्या तिसऱ्या भागात आली तर तुळई उलटी करून गाठ वर घ्या. ती तुळईच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठी असेल तर तो नग खांबाला घ्या, खांबाला गाठ फारशी जाचत नाही. रेषा तिरक्या धावतात का तेही पाहा. दहा इंचांत एका इंचाहून जास्त तिरप्या असतील तर तुळईला तो नग नको.

लाकूड रंधून साफ केले तर ताकद किती जाते?

वाटते त्याहून जास्त. तुळईची ताकद उंचीच्या वर्गाने बदलते. ६ इंच उंचीची ५ इंच केली की ताकद तीस टक्क्यांनी घटते. ६ × ८ ची तुळई उभी ठेवली तर आडवी ठेवल्यापेक्षा एक तृतीयांश जास्त भार घेते, आणि २ × ६ चा वासा आडवा टाकला तर उभ्याच्या एक तृतीयांशच ताकद उरते. म्हणून सांगाड्याचे लाकूड रंधू नका. तारेच्या ब्रशने माती काढा, पृष्ठभाग तसाच राहू द्या.

रेल्वेचे स्लीपर, पॅलेट, रंगवलेले दरवाजे चालतील?

क्रिओसोट (डांबरापासूनचे तेल) लावलेले काळे स्लीपर बंद खोलीत नकोत. वास वर्षानुवर्षे राहतो, उन्हात तेल सुटते आणि कापताना भुसा अंगाला चावतो. हिरवट छटेचे, रसायन दाबून भरलेले लाकूड तळाच्या तुळईला चालते, पण भुसा श्वासात जाऊ देऊ नका आणि त्याचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत घालू नका. राखेत आर्सेनिक उतरू शकते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चाला. असा रंग कोरडा घासायचा नाही. ओला करून खरवडायचा आणि खरवड गोळा करून वेगळी ठेवायची.

पॅलेटवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवलेले आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ते सोडून द्या. तसेही पॅलेटचे लाकूड सांगाड्याला उपयोगाचे नसते, मांडण्यांना आणि कप्प्यांना ठीक.

खिळे काढायची नीट पद्धत कोणती?

सगळा वेळ इथेच जातो, आणि घाई करण्याची हौसही इथेच येते. गंजलेला खिळा सरळ ओढला की डोके तुटून हातात येते आणि दांडा आत राहतो. म्हणून ओढण्याआधी डोक्यावर एक ठोका मारून तो केसभर आत बसवा. गंजाची पकड सुटते, मग तो वर येतो. टोक पलीकडून बाहेर आले असेल तर आधी ते सरळ करा आणि टोकावर ठोकून डोके वर काढा. पहारेखाली लाकडाचा ठोकळा द्या, नाहीतर तुळईच्या कडेवर पहारेचा कायमचा खड्डा पडतो.

डोके तुटलेच तर पंचाने दांडा पलीकडे ठोकून काढा. तेही जमेना तर खिळ्यापेक्षा किंचित मोठ्या नळीला दाते पाडून, ती ड्रिलला लावून खिळ्याभोवतीचे लाकूड कोरून काढा आणि भोकात खुंटी ठोका.

मग मेटल डिटेक्टर फिरवा. चुंबकाने भागत नाही: तो खोलवरचा खिळा दाखवत नाही आणि पितळ-तांबे तर ओळखतच नाही. साग, ओक यांसारख्या लाकडात लोखंडाभोवती काळा डाग पडतो. डाग आहे आणि खिळा दिसत नाही, तर तो आत आहे असे समजा. न निघणाऱ्या खिळ्याभोवती लाल खडूने गोल करा आणि तिथून करवत, रंधा, पटाशी काहीही नेऊ नका.

एक सूचना आगीची. करवतीने खिळा कापला गेला की लालभडक कण भुशाच्या पिशवीत जातो आणि तासाभराने पिशवी पेटू शकते. जुने लाकूड कापल्यावर पिशवी बाहेर उघड्यावर रिकामी करूनच दिवस संपवा.

लाकडाला भोके आहेत. कीड अजून जिवंत आहे का?

भोकांवरून कळत नाही, भुशावरून कळते. नग झटकून काळ्या कागदावर आठ-पंधरा दिवस ठेवा. ताजी, फिक्या रंगाची पूड पडली तर कीड चालू आहे. भोकांच्या कडा काळपट आणि आत धूळ असेल तर बहुधा किडा केव्हाच उडून गेला. पिठासारखी पूड पाडणारा भुंगा रुंद पानांच्या झाडांच्या लाकडातले बाहेरचे पांढरे, कच्चे लाकूड खातो, गाभा सोडून देतो. तेव्हा पांढरा थर तासून काढला तरी पुष्कळदा काम होते.

बोरॅक्सचा फवारा चांगला लागू पडतो: १० लिटर गरम पाण्यात ४०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड आणि ६०० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून, ब्रशने दोन-तीन हात, आडव्या कापलेल्या टोकांना जास्त. हे द्रावण पाण्यात विरघळते, म्हणून उघड्यावर ते पावसाबरोबर निघून जाते. छपराखालच्या लाकडालाच लावा. वाळवीचे मात्र लाकडावर भागत नाही, तिचा रस्ता जमिनीतून येतो. ते पायाच्या प्रश्नात आहे.

जुन्या खाचा आणि भोके बुजवावीत का?

दिसायला वाईट म्हणून बुजवू नका. ताकदीचा प्रश्न असेल तिथेच बुजवा. तुळईच्या खालच्या बाजूला, मधल्या तिसऱ्या भागात खाच असेल तर ती तुळई तिथे उंचीने तेवढी कमीच आहे, आणि ठोकळा चिकटवून ती ताकद परत येत नाही, कारण खालची बाजू ताणली जाते. तीच खाच वर घेतली की बाजू दाबली जाते, मग रेषा लांबीच्या दिशेने ठेवून घट्ट बसवलेला ठोकळा खरोखर काम करतो. खांबाच्या जुन्या खाचा नव्या खाचेपासून ६ इंच दूर असल्या की सोडून द्या.

लाकूड कसे रचून ठेवावे?

जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, पट्ट्यांमध्ये २ फूट अंतर, सगळ्या पट्ट्या एकाखाली एक. वर झाकण, बाजू उघड्या. ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेले लाकूड आतल्या आत घामेजते आणि बुरशी धरते. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला की बुरशी वाढत नाही.

प्रत्येक नगाचे माप वेगळे, कडा वाकड्या. मग सांगाडा काटकोनात बसतो कसा?

हे एकदा समजले की बाकीचे काम मजुरीचे राहते.

६ × ६ चे म्हणून आणलेले खांब मोजले तर पावणेसहा ते सव्वासहा इंच भरतात. त्यांना एका मापात आणायला सगळे रंधू नका. प्रत्येक वाकड्या नगाच्या पोटात एक सरळ, थोडा लहान नग दडलेला आहे असे धरा: ६ इंचांच्या नगात साडेपाचाचा, ८ इंचांच्या तुळईत साडेसाताचा. जोड जिथे येतो तेवढ्याच जागी लाकूड कापून त्या आतल्या नगापर्यंत पोहोचायचे. बाकी अंग आहे तसे.

प्रत्येक नगाच्या शेजारशेजारच्या दोन बाजू ‘मुख्य’ ठरवा: एकमेकींना काटकोनात, त्यातल्या त्यात सरळ. खांबाची एक मुख्य बाजू बाहेरच्या भिंतीकडे, आडव्या तुळईची एक मुख्य बाजू वर. सगळी मापे या बाजूंवरूनच घ्यायची, समोरच्या बाजूवरून कधीच नाही. बाजू वाकडी असेल तर तिच्यावर दोरी ताणून सरळ रेषा मारून घ्या आणि त्या रेषेवरून मोजा.

उदाहरण आडव्या तुळईचे. एका टोकाला ती ८ इंच १ सूत भरते, दुसऱ्या टोकाला ७ इंच ६ सूत. वरची बाजू मुख्य. डाव्या खांबाच्या जागी खालून ५ सूत कापा, उजव्या खांबाच्या जागी २ सूत. दोन्हीकडे वरपासून खालपर्यंत बरोबर साडेसात इंच उरतात. आता दोन्ही खांब एकाच उंचीचे कापता येतात आणि तुळई समपातळीत बसते, पोट कितीही वेडेवाकडे असो. कापलेली ही उथळ जागा खांबाच्या डोक्यासाठी बैठकही होते, भार कुसावर न येता खांबाच्या पूर्ण खांद्यावर येतो.

याचा आणखी एक फायदा म्हणजे खांब अदलाबदल करता येतात, कारण जोडापाशी सगळे सारखे असतात. एक नग जोडून पाहण्यासाठी सगळा सांगाडा जमिनीवर मांडत बसावे लागत नाही.

पिळलेले नग मात्र यात बसवू नका. नगाच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने पाहा. ८ फुटांत अर्ध्या इंचाहून जास्त पीळ दिसला तर तो नग कापून तिरप्या टेकूंना घ्या. कमान असलेली तुळई चांगलीच, फुगीर बाजू वर करा.

कूस आणि खाच किती मापाची?

टोकाला काढलेल्या जिभेला सुतार कूस म्हणतात, ते जिच्यात बसते तिला साल. झाडाच्या सालीशी घोटाळा नको म्हणून इथे खाच म्हटले आहे.

६ इंचांच्या लाकडात कूस दीड इंच जाड, ४ इंच लांब. खाच सव्वाचार इंच खोल, म्हणजे कूस तळाला टेकत नाही आणि खांदा घट्ट बसतो. खांदा उघडा आणि कूस तळाला टेकलेले, असा जोड दिसायला पुरा झालेला असतो पण भार घेत नाही. खाच पाडताना दीड इंचाच्या गिरमिटाने ओळीने भोके पाडा, मग पटाशीने भिंती सरळ करा. आधी रेषांना आडवे घाव, मग रेषांच्या दिशेने. उलट केले तर खाच पुढे फाटत जाते. वाळलेले जुने लाकूड कडक असते, पटाशीला दर दहा-पंधरा मिनिटांनी धार लावावी लागते.

तिरपे टेकू दोन्हीकडे ३० इंचांवर घ्या, म्हणजे त्यांची तिरकी लांबी ४२ इंच साडेतीन सूत येते. दोन्ही टोकांचे कूस याशिवाय. टेकू ढकलला जातो तेव्हा चांगले काम करतो, ओढला जातो तेव्हा नुसत्या खुंटीवर लटकतो. म्हणून ते जोडीने, समोरासमोर हवेत. चार कोपऱ्यांच्या खांबांना लांबीच्या दिशेने एकेक, मधल्या दोघांना दोन-दोन, आणि सहाही खांबांना आडव्या तुळईकडे एकेक: असे चौदा.

माथ्याची तुळई बाहेर सरकू नये म्हणून आडव्या तुळईच्या पाठीवर इंचभर खोल बैठक कापून ती तिच्यात बसवा. बैठकीच्या बाहेर उरलेले ६ इंच लाकूडच वाशांचा बाहेरचा जोर अडवते. तिथे बचत केली की टोक फुटते.

खुंटी ठोकताना लाकूड फुटते. काय चुकते?

बहुधा भोकांमधला फरक जास्त असतो. या जोडात खाचेचे भोक आणि कुसाचे भोक मुद्दाम थोडे मागेपुढे असतात, म्हणजे खुंटी आत जाताना जोड ओढून घेते. खाचेच्या तोंडापासून दीड इंचावर पाऊण इंचाचे भोक आरपार पाडा. कूस बसवा, गिरमिटाच्या टोकाने कुसावर खूण करा, कूस बाहेर काढा आणि खुणेपासून खांद्याच्या दिशेने सरकून भोक पाडा. उलट्या दिशेने पाडले तर खुंटी जोड उघडते, आणि हे कळते तेव्हा खुंटी अर्धी आत गेलेली असते.

किती सरकायचे? ओल्या, मऊ लाकडाच्या कामात एक सूत चालते. जुने कडक लाकूड दबत नाही, तिथे अर्धे सूत पुरे. खुंटी करवतीने कापलेली नको, सरळ रेषांचा तुकडा फोडून काढलेली हवी, कारण कापलेल्या खुंटीत रेषा तिरक्या तुटतात आणि ती वळणावर मोडते. अष्टकोनी तासा, पुढच्या दोन इंचांना निमुळती करा, दहा इंच लांब ठेवा आणि मोगरीने (लाकडी हातोड्याने) ठोका. ठोक्याचा आवाज एकदम जड झाला की थांबा.

त्यापेक्षा बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या लावल्या तर?

चालतील, आणि नाजूक टोकाच्या नगाला कधीकधी तेच शहाणपणाचे. वाऱ्याने छप्पर उचलले जाऊ नये म्हणून वासे-तुळईच्या आणि तळतुळई-पायाच्या जोडांना पट्ट्या तर लावाच. ओकसारख्या लाकडात साधे लोखंड लवकर गंजते, तिथे स्टेनलेस वापरा.

पाया कसा हवा?

खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. लाकूड आकसले की भोवती फट पडते, तिच्यात पाणी उतरते आणि खांब जमिनीच्या रेषेवर कुजतो, वरून धडधाकट दिसत असतानाच. जोते किंवा काँक्रीटचे ठोकळे जमिनीपासून निदान ८ इंच, जमल्यास फूटभर वर आणा. वर ओल अडवणारा थर, त्यावर तळतुळई, १२ मिलिमीटरच्या बोल्टने पायाला बांधलेली. बोल्ट प्रत्येक कोपऱ्यापासून फूटभरावर आणि मग दर ४ ते ६ फुटांवर.

वाळवीसाठी तळतुळईखाली दोन्ही बाजूंना दोन इंच बाहेर येणारा, कडा खाली वळवलेला पत्रा घाला. तो वाळवी मारत नाही. तिला मातीची नळी बाहेरून, उघड्यावर बांधायला लावतो, म्हणजे ती तुम्हाला दिसते. पण जोत्याला टेकवून फळ्यांची थप्पी ठेवली तर पत्रा घालूनही उपयोग नाही.

पाया काटकोनात आहे का ते कर्णावरून पाहा. १२ आणि १६ फुटांचा कर्ण बरोबर २० फूट येतो, दोन्ही बाजूंनी. टेप मात्र सगळ्या कामाला एकच वापरा. दोन टेपांत सुताचा फरक सहज असतो.

चौकटी उभ्या करायला किती माणसे लागतील?

एक चौकट सुमारे ९ घनफूट. हलक्या लाकडाची सव्वाशे-दीडशे किलो भरते, सागासारख्या लाकडाची १६५-१७०. आठ माणसे पुरतात: चार उचलायला, दोन मागून दोर धरायला, एक खांबांचे बूड तळतुळईच्या खाचेत घालायला आणि एक फक्त बघून हुकूम द्यायला. हुकूम एकाचाच. उचलणाऱ्यांनी चौकटीच्या खाली कधीच उभे राहायचे नाही.

पहिली चौकट सगळ्यात धोक्याची, कारण तिला धरायला दुसरे काही नसते. उभी करण्याआधीच तिच्या खांबांना लांब फळ्या एका खिळ्यावर सैल टांगून ठेवा. चौकट ओळंब्यात आली की फळ्यांची दुसरी टोके जमिनीतल्या खुंटांना ठोका, दोन्ही बाजूंनी. तोवर दोर सोडायचा नाही. दुसरी चौकट उभी राहिली की तिलाही तशाच फळ्या, मग तिसरी, मग तिरपे टेकू खाचांत धरून माथ्याच्या तुळया वरून उतरवायच्या. खुंट्या आधी अर्ध्याच ठोका. सगळा सांगाडा ओळंब्यात आल्यावर पूर्ण.

चूक हमखास होते ती आरशातल्या उलट्या नगांची: डाव्या खांबाच्या खाचा उजव्याला पडलेल्या असतात. प्रत्येक जोडाच्या दोन्ही नगांवर पटाशीने एकच खूण कोरली तर हे जमिनीवरच कळते.

छप्पर पत्र्याचे की कौलांचे?

पत्रा चौरस मीटरला साधारण ५ किलो, मातीची कौले ४० ते ५०. वर दिलेली मापे पत्र्याची आहेत: २ × ६ चे वासे दर दोन फुटांवर, आढे ४ फूट वर, वळचण सव्वा फूट बाहेर. कौले घालायची तर वासे जवळ घ्या, आणि आडव्या तुळयांचा हिशेब जाणकाराकडून नव्याने करून घ्या. वाशाला तुळईवर बसवण्यासाठी कापलेली खाच त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, म्हणजे ६ इंचांना जास्तीत जास्त २ इंच. बाहेरचा जोर माथ्याच्या तुळईला दोन चौकटींच्या मध्ये वाकवू पाहतो, म्हणून खण ८ फुटांहून मोठा करू नका.

भिंतींच्या फळ्या कशा लावायच्या?

उभ्या, फटींवर पट्ट्या. फळीला मधोमध खिळा मारा आणि पट्टीचा खिळा दोन फळ्यांच्या फटीतून जाऊ द्या, फळीतून नको. फळी दोन्ही कडांना जखडली की उन्हाळ्या-पावसाळ्यात फुगताना-आकसताना ती मधून फाटते. खालची टोके जमिनीपासून ६ इंच वर, आणि बाहेरची कड खाली येईल अशी तिरकी कापलेली, म्हणजे पाणी ठिबकून पडते. टोकांना तेल किंवा रंग दोनदा लावा, पाणी तिथूनच शोषले जाते.

परवानगी किंवा अभियंत्याची गरज आहे का?

बांधकामाचे नियम जागोजागी वेगळे, ते आधी विचारा. जुन्या लाकडावर प्रतीचा शिक्का नसतो, त्यामुळे मंजुरी लागत असेल तर नकाशापेक्षा नगांची ती वही जास्त उपयोगी पडते: जात, मापे, दोष. अभियंत्याला लाकूड कापण्याआधी दाखवा.

वीज आणि आग?

तारा धातूच्या नळीतून न्या, अर्थिंग नीट करा, बटणे भुसा बसणार नाही अशी बंद पेटीची घ्या. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

सांगाडा उभा राहिला. आता कशाकडे लक्ष ठेवायचे?

पहिल्या वर्षी दोनदा, एकदा ओल्या दिवसांनंतर आणि एकदा कोरड्या, सगळे जोड पाहा. खांद्यापाशी कागद सरकेल इतकी फट चालते. पटाशीचे पाते शिरले तर खुंटी ठोकून बसवा, नाही बसली तर काढून जाड घाला. खुंट्यांची बाहेर आलेली टोके तोवर कापू नका, पुन्हा ठोकायला तीच लागतात. तळतुळईखालच्या पत्र्याच्या कडेवर वाळवीची मातीची नळी दिसली तर ती मोडून आठवड्याने पुन्हा पाहा. परत बांधली असेल तर वाळवी चालू आहे, मग जोत्याभोवतीच्या जमिनीवर उपाय करा.